स्विमिंग पूलच्या कुंपणाजवळची झाडं ‘मोजत नाहीत’ म्हणे! मोजतात, टेप लावून

इथे ऑस्ट्रेलियात उन्हाळा तोंडावर आला की मराठी ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो. यंदा मला तो तिघांनी पाठवला. त्यातल्या एकाने तर घर विकायला काढलंय. मजकूर साधारण असा:

‘पूल इन्स्पेक्टर उगाच झाडं तोडायला लावतात. नियम फक्त कुंपणाचे असतात, झाडांचे नाहीत. उलट कुंपणाला लागून दाट हेज, म्हणजे झुडपांची भिंत, लावा, डबल संरक्षण. बारीक फांद्यांवर मूल चढूच शकत नाही. पूलचं सेफ्टी सर्टिफिकेट एकदा मिळालं की दोन वर्षं बघायला नको. जुन्या पूलना हे लागूच नाही. आणि झाड शेजाऱ्याचं असेल तर ती त्याची डोकेदुखी.’

इतक्या ठामपणे लिहिलंय की वाचणाऱ्याला खरंच वाटावं. एकेक वाक्य घेऊ.

‘नियम फक्त कुंपणाचे.’ कुंपण किमान १२०० मिमी उंच हवं, हे पूल असलेल्या प्रत्येकाला पाठ असतं. पण ऑस्ट्रेलियन स्टँडर्ड १९२६.१ या पूल-कुंपणाच्या मानकात कुंपणाइतकंच महत्त्व त्याच्या भोवतालच्या मोकळ्या जागेला आहे. तिचं नाव नॉन-क्लाइम्बेबल झोन. साध्या मराठीत, जिथे पाय ठेवून चढता येईल असं काहीही असता कामा नये अशी जागा. कुंपणाच्या माथ्यापासून बाहेरच्या बाजूला, खाली जमिनीकडे ९०० मिमीचा कमानीसारखा फेरा घ्यायचा आणि त्यात काय काय येतं ते बघायचं. तिथे बार्बेक्यू असो, पंप असो, कुंडी असो की झाड, नियमाला फरक पडत नाही. कारणही सरळ आहे. १२०० मिमीची उंची जमिनीवर उभ्या असलेल्या लहान मुलासाठी ठरवलेली आहे. त्याला ४०० मिमीवर पाय टेकायला खुंटी मिळाली की त्याच्यापुढे उरतं फक्त ८०० मिमीचं कुंपण. आणि खुंटी म्हणजे काही मोठी लागत नाही. १० मिमीहून जास्त पुढे आलेली आडवी कड असली तरी पुरते.

हे मला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. ब्रिस्बेनचं आमचं घर भाड्याने द्यायचं होतं, तेव्हा तपासणीला आलेला इन्स्पेक्टर गेट, कडी, काच सगळं बघून बाहेरच्या बाजूच्या चाफ्यापाशी थांबला. तोच आपला देवचाफा, इथल्या निम्म्या पूलांशेजारी असतो. त्याच्या बेचक्यात त्याने आपला बूट ठेवला, एका हाताने फांदी धरली आणि काही न बोलता वर उभा राहिला. कुंपणाचा माथा त्याच्या गुडघ्याच्या जरा वर आला होता. मग टेप काढली: बेचकं कुंपणापासून ६२० मिमीवर. “हे झाड नाही, जिना आहे,” एवढंच म्हणाला. मी त्याच्याशी वाद घालायच्या तयारीत होतो. तो राहूनच गेला. चाफ्याच्या खालच्या दोन फांद्या गेल्या, तेवढ्यावर काम भागलं.

आता ‘डबल संरक्षण’. या वाक्याचा मला खरा राग येतो, कारण ते ऐकायला शहाणपणाचं वाटतं आणि माणसं त्यावर पैसे खर्च करतात. कुंपणाला लागून लावायला सगळ्यात लाडकी झाडं दोन: मुराया, म्हणजे आपली कुंती, आणि लिली पिली, जांभळाची नातलग. दोन्ही बुंध्यापासूनच फांद्या फोडतात. वरून कात्री मारत राहिलं की हेज बाहेरून मऊ हिरवी दिसते, पण एकदा दोन्ही हातांनी पानं बाजूला करून आत डोकावा. आत टणक काटक्यांची शिडी उभी असते. जितकी छाटणी, तितकी ती दाट आणि टणक. त्यात हेजसाठी वाफा केला, माती टाकली, वर मल्च, म्हणजे पालापाचोळ्याचा थर, पसरलं की जमीनच १०० मिमी वर येते आणि १२०० चं कुंपण तिथे ११०० चं होतं. कुंपणाला हात न लावता आपण ते नापास केलेलं असतं.

हेज पूलच्या बाजूला लावली तर चालेल का, असं लगेच कुणीतरी विचारतं. कुंपणाच्या उभ्या गजांमध्ये १० मिमीहून जास्त फट असेल, तर आतूनही ३०० मिमी पट्टा मोकळा ठेवायचा असतो. फटीतून पाऊल आत घालून आतल्या फांदीवर रेटा देता येतो म्हणून. शिवाय हेज मोठी झाली की गजांतून फांद्या घुसवते, पॅनेल ढकलते. गेटच्या बिजागरीपाशी वाढली तर गेट आपोआप मिटत नाही. ते कितीही उघडलेलं असलं तरी स्वतःहून बंद होऊन कडी लागली पाहिजे, हा नियम तर मेसेजवाल्यालाही मान्य असावा. आणि दाट हेजमागचा पूल स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसत नाही, हे वेगळंच.

बारीक फांद्यांचं वाक्य मात्र अर्धं खरं आहे. प्रत्येक झाड चढण्याजोगं नसतं आणि प्रत्येक झाड तोडावं लागत नाही. गवतासारखी लांब पात्यांची रोपं, पाय धरू न देणारं गुळगुळीत खोड असलेला पाम, अणकुचीदार घायपात, यांच्याकडे बघून इन्स्पेक्टर बहुधा पुढे जातो. तो झाडाची जात बघत नाही. पाय टेकेल का, हाताला पकड मिळेल का, वजन पेललं जाईल का, हे बघतो. पण वजन कुणाचं? दोन वर्षांचं मूल साधारण बारा किलोचं. करंगळीएवढ्या चार काटक्या एकत्र आल्या तर तेवढं सहज पेलतात. तुमच्या-माझ्या हाताने वाकवून बघितलेली एक फांदी हा काही पुरावा नव्हे.

सर्टिफिकेटची मुदत राज्याप्रमाणे बदलते. आमच्या क्वीन्सलंडमध्ये स्वतंत्र पूलला २ वर्षं, सामायिक पूलला १. न्यू साऊथ वेल्समध्ये ३ वर्षं. व्हिक्टोरियात दर ४ वर्षांनी नवं. कायद्याची जबाबदारी मात्र मालकावर रोजची असते. तपासणी हिवाळ्यात झाली आणि मग डिसेंबर ते फेब्रुवारी ब्रिस्बेनचा पाऊस पडला, की बोगनवेल कुठून कुठे जाते ते ज्याने कापलीय त्यालाच ठाऊक. मी झाडूचा जुना दांडा ९०० मिमीवर कापून गॅरेजमध्ये टांगलाय. महिन्यातून एकदा कुंपणाच्या कडेने तो घेऊन फिरतो. दहा मिनिटांचं काम आहे. यात झाडांपेक्षा जास्त वेळा भाडेकरूच्या कुंड्या आणि मुलांची ट्रायसिकल सापडते.

‘जुन्या पूलना लागू नाही’ यावर फार बोलायला नको. क्वीन्सलंडने जुन्या पूलना नव्या नियमात यायला दिलेली मुदत ३० नोव्हेंबर २०१५ ला संपली. न्यू साऊथ वेल्समध्ये पूल कधी बांधला यावर कोणते नियम लागतात ते ठरतं, हे खरं. पण २९ एप्रिल २०१६ पासून पूल असलेलं घर भाड्याने द्यायचं तर तिथेही सर्टिफिकेट लागतंच.

उरला शेजारी. दोन घरांमधली भिंतच पूलचं कुंपण असेल, तर ती पूलच्या बाजूने १८०० मिमी हवी आणि मोकळी जागाही पूलच्याच बाजूला, माथ्यापासून ९०० मिमी खाली मोजतात. म्हणजे शेजाऱ्याच्या अंगणात भिंतीला टेकून झाड असलं तरी त्याचा तुमच्या तपासणीशी संबंध नाही. मेसेज इथवर बरोबर आहे. पण त्याच झाडाची फांदी भिंतीवरून तुमच्याकडे त्या ९०० मध्ये उतरली की नापास तुम्ही होता, तो नाही. शेजाऱ्यांमधल्या कुंपण-झाडांच्या वादासाठीच्या क्वीन्सलंडच्या २०११ च्या कायद्याखाली शेजाऱ्याला रीतसर नोटीस देता येते, पण फांदी तुमच्या हद्दीत ५० सेमीहून जास्त आलेली आणि जमिनीपासून २.५ मीटरच्या आत असेल तरच. आता गंमत बघा: ४० सेमी आत आलेली फांदी पूलच्या नियमात अडकते, आणि नोटिशीच्या नियमात बसत नाही. तिथे वकिली करत बसण्यापेक्षा शेजाऱ्याच्या दारावर टकटक करून सांगावं आणि आपल्या बाजूने, हद्दीपर्यंतच, करवत चालवावी. आमच्या शेजारच्या आजी तर स्वतःच शिडी धरायला आल्या.