‘रेसकोर्समध्ये कोंबलेलं नऊ होलचं मैदान’: मसलबरा टूरच्या दोन स्टार रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर,

रिव्ह्यू वाचला. दोन स्टार दिलेत, तो तुमचा हक्क आहे, त्यावरून वाद घालायचा नाहीये. पण तुमचं वाचून उद्या पुण्या-मुंबईचा कोणी स्कॉटलंडमधलं मसलबऱ्याचं जुनं गोल्फ मैदान टाळेल आणि ते मला मनापासून नकोय, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. तुमचं म्हणणं असं की ऐतिहासिक कोर्स सांगून नेलं आणि निघालं काय तर घोड्यांच्या ट्रॅकच्या आत कोंबलेलं नऊ होलचं मैदान, कार्ट नाही, क्लबहाऊस साधं, ग्रीन (होलभोवतीचं बारीक कापलेलं गवत) स्लो, क्लब (बॉल मारायच्या काठ्या) म्युझियममधले, गावात बघायला काही नाही आणि याच पैशात सेंट अँड्र्यूज (स्कॉटलंडमधलंच गोल्फसाठी प्रसिद्ध गाव) झालं असतं.

आधी सेंट अँड्र्यूजचं. तुम्ही रविवार मागितला होता. तिथलं ओल्ड कोर्स रविवारी खेळायला बंद असतं, लोक त्यावर कुत्री घेऊन फिरायला येतात. इतर दिवशी आधी बुकिंग नसेल तर बॅलटमध्ये नाव टाकायचं, दोन दिवस आधी सोडत निघते, हँडिकॅप सर्टिफिकेट (तुमचा खेळ कितपत आहे त्याचा दाखला) लागतं, आणि सीझनची ग्रीन फी (एका फेरीची फी) एकट्याची तीनशे पाउंडांच्या वर जाते. आमच्या टूरमध्ये गाडी, फी, हिकरीचे (जुन्या पद्धतीच्या लाकडी दांड्याचे) क्लब सगळं धरूनसुद्धा तेवढे होत नाहीत.

मसलबरा एडिंबरापासून दहाएक किलोमीटरवर, तरी गोल्फवाले टूरिस्ट तिथून पुढे म्युअरफील्डच्या मैदानाकडे निघून जातात, थांबत कोणी नाही. आणि गंमत बघा, म्युअरफील्डवाला क्लब १८३६ पासून १८९१ पर्यंत मसलबऱ्यालाच खेळत होता. गर्दी फार झाली म्हणून त्यांनी स्वतःची जागा घेतली आणि जाताना ओपन चॅम्पियनशिपही (गोल्फची सगळ्यात जुनी मोठी स्पर्धा) सोबत नेली, १८९२ ची ओपन तिकडे झाली. त्याआधी १८७४, ७७, ८०, ८३, ८६ आणि ८९ अशा सहा ओपन या तुम्ही म्हणता त्या मैदानावर झाल्यात सर! नऊ होलच्या चार फेऱ्या, छत्तीस होल, एका दिवसात. १८८९ ला अँड्र्यू कर्काल्डी नावाचा खेळाडू होलपासून इंचभर राहिलेला बॉल सहज एका हाताने ढकलायला गेला आणि क्लब वरूनच गेला, तो एक स्ट्रोक (फटका) मोजला गेला, शेवटी विली पार्क ज्युनियरशी बरोबरी झाली आणि प्लेऑफमध्ये (बरोबरीनंतरच्या निर्णायक खेळात) हरला. तुम्ही ज्या ग्रीनना स्लो म्हणालात (स्लो आहेतच, पब्लिक कोर्स आहे, रोज कोणीही येऊन खेळतं) त्याच जमिनीवर हे घडलंय.

घोड्यांचं म्हणाल तर कोर्स आधीचं आहे, रेस नंतर आल्या. सर जॉन फाउलिस नावाच्या गृहस्थांच्या खर्चाच्या वहीत मसलबऱ्याला गोल्फ खेळताना पैसे हरल्याची २ मार्च १६७२ ची नोंद आहे, इथल्या घोड्यांच्या रेस सुरू झाल्या १८१६ ला. नऊ होलसुद्धा कुठल्या आर्किटेक्टने एकदम आखलेले नाहीत, आधी सातच होते, आठवा १८३८ मध्ये आणि नववा १८७० मध्ये वाढवला. रेसच्या दिवशी गोल्फ बंद असतो म्हणून तारीख बघूनच आम्ही बुकिंग घेतो, आणि रेलिंग ओलांडून पुढच्या होलकडे जायचं हे मला तरी फार आवडतं, जगात किती ठिकाणी मिळतं असं?

आता क्लब. हिकरीच्या दांड्याचे क्लब मिळतील हे बुकिंगच्या मेसेजमध्ये स्पष्ट होतं, आणि टूरचा जीवच तो आहे. कोर्स तीन हजार यार्डांच्या आत आहे, आजच्या टायटॅनियमच्या ड्रायव्हरने (सगळ्यात लांब मारणाऱ्या क्लबने) अर्धे होल नुसते उडून जातात, बंकर (वाळूचा खड्डा) कुठे होता तेही कळत नाही. हिकरी हातात घेतली आणि फोर्थच्या खाडीवरून वारा सुटला की मग कळतं ती माणसं काय खेळत होती ते. तुम्ही पहिल्या दोन होलनंतर क्लब बॅगेत टाकलेत आणि पावसाने नऊवरच थांबलात, दुसरी फेरी तुमच्या पैशात होती, मी थांबायला तयार होतो.

बरं, तुम्ही जगात कुठेही गोल्फ खेळा, पुण्यातसुद्धा, होल सव्वाचार इंचाचाच असणार. त्या मापाचा होल पाडणारं सगळ्यात जुनं यंत्र १८२९ चं, याच मसलबऱ्याचं. आणि गावात काही नाही असं कसं म्हणता? चौथ्या होलला मिसेस फोरमनच्या खानावळीचं नाव आहे. १८७० ला थोरला विली पार्क (ज्युनियरचे वडील) आणि टॉम मॉरिस या दोन नावाजलेल्या खेळाडूंची मॅच चालू असताना पब्लिक इतकं अंगावर आलं की मॉरिस आणि रेफरी त्या खानावळीत जाऊन बसले आणि बाहेर यायलाच तयार नाहीत, पार्क एकटा उरलेले होल खेळला आणि बक्षीस माझं म्हणाला. हे मी तुम्हाला तिथेच उभं राहून सांगत होतो तेव्हा तुम्ही फोनवर होतात. १८११ च्या नवीन वर्षाला इथल्या कोळणींसाठी गोल्फची स्पर्धा ठेवली होती, बक्षीस मासळीची टोपली आणि रेशमी रुमाल! मासे विकणाऱ्या बायका, दोनशे वर्षांपूर्वी, गोल्फ. आपल्याकडे आजही क्लबच्या गेटवर आधी मेंबर आहात का विचारतात, आणि इथे शाळकरी पोरगं खिशातले पैसे देऊन सहा ओपन झालेल्या जमिनीवर टी लावून बॉल मारतं. म्हणूनच मी लोकांना इथे आणतो आणि आणत राहणार.

पैसे परत मागितलेत. ते देणार नाही सर, ठरलं होतं ते सगळं दिलंय. राहिलेली दुसरी फेरी मात्र तुमच्या नावावर आहे, पुढच्या वेळी एडिंबऱ्याला आलात तर रेस नसलेला दिवस बघून कळवा, वेगळे पैसे घेणार नाही. सेंट अँड्र्यूजही करायचं असेल तर रविवार सोडून या, सर्टिफिकेट सोबत ठेवा आणि तीन-चार दिवस आधी मेसेज करा म्हणजे बॅलटमध्ये नाव टाकता येईल.