‘पकडलंय म्हणजे केलंच असणार’: एका मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यात आमच्या गणेशोत्सव मंडळाच्या ग्रुपवर एक मेसेज पडला. दोन दिवसांत तोच भावकीच्या ग्रुपवर आला, मग शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर. मजकूर साधारण असा: ‘पोलिसांनी पकडलंय म्हणजे केलंच असणार. जबाबावर सही झाली की कोर्ट कशाला? जामीन बंद करा. जेलात बिर्याणी खाऊ घालायला आपण कर भरत नाही. आठ दिवसांत निकाल, नाहीतर सरळ एन्काउंटर.’ खाली अंगठ्यांची रांग.

बेळगावात, मराठी माणसांच्या ग्रुपवर हे वाचून मी चक्रावलो. बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधात आम्ही मराठी माणसं १ नोव्हेंबरला काळा दिन पाळतो. याच ग्रुपवर त्या काळ्या दिनानंतर ‘पोरांना स्टेशनला नेलंय, जामिनाला कोण येतंय?’ असा निरोप आला होता. त्या रात्री एकजणही ‘केलंच असणार’ म्हणाला नव्हता.

आता एकेक घेऊ.

‘पकडलंय म्हणजे केलंच असणार.’ २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि त्यांतले ४,३४,३०२ कच्चे कैदी. म्हणजे चारांतल्या तिघांवर गुन्हा शाबीत झालेलाच नव्हता. आणि शाबीत झाला तरी काय? २००३ साली नाशिकजवळ एका कुटुंबावर भीषण हल्ला झाला, पाच जण मारले गेले. भटक्या जमातीतले सहा जण धरले. खालच्या कोर्टानं सहाही जणांना फाशी सुनावली, २००९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही सहाही जणांची फाशी ठरवली. मग ५ मार्च २०१९ ला त्याच सुप्रीम कोर्टानं सगळ्यांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकाला ५ लाख रुपये द्यायला सांगितले. मध्ये सोळा वर्षं गेली. मेसेजमधला ‘आठ दिवसांत निकाल’ तेव्हा असता, तर ते पाच लाख द्यायला कोणी उरलंच नसतं.

‘जबाबावर सही झाली की कोर्ट कशाला?’ पोलिसांपुढची कबुली पुरावा होत नाही, हा नियम इंग्रजांच्या काळापासून आहे. तो त्यांनी दयेपोटी केलेला नव्हता. कबुली कशी मिळवली जाते ते त्यांना पक्कं ठाऊक होतं, इतकंच. आणि सहीचं आपल्याला कोणी सांगायला नको. कन्नडमध्ये लिहिलेला कागद पुढं सरकवायचा, ‘इथं कर सही’ म्हणायचं, आणि चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलेल्या माणसानं बोट दाखवलं तिथं नाव गिरवायचं, हे आमच्याकडं घरोघरी माहीत आहे. माझ्या चुलत्यांनी अशी सही केली. कागदात काय होतं ते त्यांना वकिलानं तीन महिन्यांनी सांगितलं. स्थानबद्ध माणसाला कारणं त्याला कळणाऱ्या भाषेत द्यायला हवीत, असं सुप्रीम कोर्टानं १९६२ मध्येच सांगितलंय. तो माणूस फक्त हिंदी जाणणारा होता, त्याच्या हातात कागद इंग्रजी दिले होते. कन्नडवर माझा राग नाही. उद्या कोल्हापुरात एखादा कन्नड गवंडी धरला, तर त्यालाही कन्नडच कागद मिळायला हवा.

‘जामीन बंद करा.’ जामीन मिळतो कुणाला ते आधी बघा. हुकूम झाला तरी जामीनदार लागतो, जामीनदाराकडं जमिनीचा उतारा लागतो, आणि तो इथला लागतो. बेळगावचं हिंडलग्याचं कारागृह वेंगुर्ला रस्त्यावर आहे. तोच रस्ता धरून पुढं गेलं की शिनोळी, म्हणजे चंदगड तालुका, म्हणजे महाराष्ट्र. आपल्या निम्म्या लोकांच्या सोयरिकी तिकडं. बहिणीचा नवरा सातबारा घेऊन तासाभरात हजर होतो, आणि ‘लोकल पाहिजे, आरटीसी (म्हणजे कर्नाटकातला सातबारा) आणा’ म्हणून त्याला परत पाठवतात. मग ओळखीचा कोणी इथला मिळेस्तोवर पोरगा आत. ज्याच्याकडं पैसा आहे त्याला जामीनदार शोधावा लागत नाही, जामीनदारच त्याला शोधत येतात.

१९७८ मध्ये नेमकं असंच प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं होतं. मध्य प्रदेशातला एक गरीब गवंडी. दहा हजारांचा जामीन मागितला, आणि भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून त्याला नाकारलं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी विचारलं की आपल्याच जिल्ह्यातला जामीनदार हवा, असं कुठल्या कायद्यात लिहिलंय? कामाला किंवा मोर्चाला परमुलखात गेलेल्या माणसानं तिथं जमीनजुमला असलेला ओळखीचा आणायचा कुठून? त्यांनी चक्क ‘मोर्चा’ हाच शब्द वापरलाय. ३१ जानेवारी २०२३ ला सुप्रीम कोर्टानं पुन्हा सुचवलं की स्थानिक जामीनदाराची अट नको, आणि महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्टानं आपणहून अट सैल करण्याचा विचार करावा. हे मेसेज करून फिरवा की! कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, तेही त्यात टाका.

‘जेलात बिर्याणी.’ ही बिर्याणी कसाबची. ती आपण रचली होती, असं सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनीच २०१५ मध्ये जाहीर सांगितलं. तिची पातेली अजून ग्रुपवर शिजतायत.

‘सरळ एन्काउंटर.’ ६ डिसेंबर २०१९ ला हैदराबादजवळ चार आरोपींना पोलिसांनी गोळ्या घातल्या तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. निवृत्त न्यायमूर्ती सिरपूरकर यांच्या आयोगानं पुढं सांगितलं, गोळ्या मारण्याच्या हेतूनंच झाडल्या होत्या. ज्या खात्याला आपण काळ्या दिनाला कॅमेऱ्यासमोर ‘दडपशाही’ म्हणतो, त्याच खात्याच्या हातात निकालही द्यायचा?

उशिराबद्दल मात्र मेसेजचा राग खरा आहे. साक्षीदार म्हातारे होतात, फिर्यादी बाई तारखांना कंटाळून तडजोड करते. पण त्यावर उपाय न्यायाधीशांच्या रिकाम्या जागा भरणं, प्रयोगशाळेचे अहवाल वेळेत येणं, साक्षीदाराला ठरल्या दिवशी तपासणं हे आहेत. यांतलं एकही मेसेजमध्ये नाही.

मी ग्रुपवर एवढं लिहिलं. त्यावर एका काकांचं उत्तर आलं, ‘तुझ्या घरात झालं असतं तर कळलं असतं.’

बरोबर आहे. माझ्या घरात झालं असतं तर मीही कोयता शोधला असता. पण काका, नाशिकच्या त्या प्रकरणातलं एक सांगायचं राहिलं. हल्ल्यातून वाचलेल्या त्या घरच्या बाईनं पोलिसांकडचे फोटो बघून चार माणसं ओळखली होती. खटला चालला त्या सहांत त्यांतला एकही नव्हता.