‘मेम्फिस बेल’ची पंचविशी: विमानाची वेगळी, माणसांची वेगळी

मे महिना आला की एक फोटो हमखास फिरू लागतो. बी-१७ बॉम्बरसमोर उभे असलेले दहा तरुण, अंगात लेदर जॅकेट, चेहऱ्यावर सुटल्याचं हसू. सोबतच्या मजकुराचा गोषवारा असा: दुसऱ्या महायुद्धात युरोपवर २५ मोहिमा पूर्ण करणारं पहिलं अमेरिकी बॉम्बर म्हणजे ‘मेम्फिस बेल’, पहिल्या मोहिमेपासून शेवटच्यापर्यंत तेच विमान आणि तेच दहा जण, पुढे देशानं हे विमान जिवापाड जपलं.

विमान खरं आहे, माणसं खरी आहेत, पराक्रमही खरा आहे. दावे मात्र तिन्ही लंगडे.

आधी ‘पहिलं’ हा शब्द. ‘हेल्स एंजल्स’ नावाच्या दुसऱ्या बी-१७ विमानानं आपली पंचविसावी मोहीम १३ मे १९४३ ला पूर्ण केली. ‘बेल’ तोवर पंचविशीला पोचलं नव्हतं. ‘हेल्स एंजल्स’ त्यानंतरही लढत राहिलं आणि ४८ मोहिमांनंतर, १९४४ च्या सुरुवातीला मायदेशी गेलं.

त्याच्याही आधी ‘हॉट स्टफ’ होतं. हे बी-२४ लिबरेटर, म्हणजे वेगळ्या जातीचं बॉम्बर. त्याच्या २५ मोहिमा फेब्रुवारी १९४३ मध्येच झाल्या होत्या, आणि तरीही त्यानं आणखी काही केल्या. मग अमेरिकेला परतायला निघालं, तेव्हा सोबत युरोपातल्या अमेरिकी फौजांचे प्रमुख लेफ्टनंट जनरल फ्रँक अँड्र्यूज होते. ३ मे १९४३ ला आइसलँडमध्ये खराब हवामानात ते डोंगराला धडकलं. पंधरापैकी चौदा जण गेले, वाचला तो शेपटीतला गनर. जनरलसाहेबांच्या मंडळींना जागा करून देण्यासाठी मूळ चमूतल्या काही जणांना विमानातून उतरवलं होतं. ते त्यामुळे वाचले.

मग ‘बेल’ला हा मान कुठून मिळाला? सरकारी वाक्य नीट वाचलं तर कळतं: २५ मोहिमा पूर्ण करून अमेरिकेत *परत आलेलं* पहिलं जड बॉम्बर. हे बरोबर आहे. फिरता फिरता ‘परत आलेलं’ गळालं आणि नुसतं ‘पहिलं’ उरलं. त्यात विल्यम वायलर हा दिग्दर्शक लष्करासाठी या विमानावर माहितीपट करत होता, आणि जून १९४३ मध्ये परतलेल्या चमूला गावोगावी फिरवायचं होतं. युद्धरोखे (युद्धखर्चासाठी सरकारनं लोकांना विकलेले कर्जरोखे) खपवायला जिवंत, हसरे चेहरे लागतात. आइसलँडच्या डोंगरातले अवशेष तिथे काय कामाचे?

आता दुसरा दावा, ‘तेच विमान, तेच दहा जण’. खरी गल्लत इथे आहे.

आपल्या एसटीचंच घ्या. गाडी डेपोत दुरुस्तीला गेली म्हणून ड्रायव्हर घरी बसत नाही, दुसरी गाडी घेऊन निघतो. आणि त्याची सुट्टी असली तरी गाडी दुसऱ्याच्या हाती फेरीला जातेच. गाडीच्या फेऱ्या आणि ड्रायव्हरच्या ड्यूट्या हे दोन वेगळे हिशेब. बॉम्बरचंही अगदी तसंच. २५ ची मर्यादा माणसांसाठी होती. तेवढ्या मोहिमा झाल्या की घरी. (१९४४ मध्ये ती वाढवून ३० आणि पुढे ३५ केली.) विमानाला अशी सुटका नव्हती.

‘बेल’चा मुख्य वैमानिक कॅप्टन रॉबर्ट मॉर्गन आणि त्याच्या चमूची पंचविसावी मोहीम १७ मे १९४३ ला झाली, फ्रान्समधल्या लोरियाँवर. ‘बेल’ या विमानाची पंचविसावी १९ मेला, जर्मनीतल्या कीलवर, आणि तेव्हा ते दुसऱ्याच वैमानिकाच्या हाती होतं. उलट बाजूनं, मॉर्गनच्या चमूनं आपल्या काही मोहिमा दुसऱ्या बी-१७ मधून केल्या. सहवैमानिक जेम्स व्हेरिनिस स्वतः दुसऱ्या विमानाचा कप्तानही होता. विमानाच्या मधल्या भागातल्या मशिनगनवर बऱ्याच मोहिमा केलेला स्कॉट मिलर फोटोतल्या दहांत नाही. त्याच्या जागी कॅसिमिर नॅस्टल दिसतो. वरच्या टरेटमधली (फिरत्या तोफ-घुमटातली) माणसंही बदलत गेली.

म्हणूनच जुन्या विमानाचा माग काढणारी मंडळी विमानाच्या नाकावर रंगवलेल्या नावाकडे आणि चित्राकडे आधी बघतच नाहीत. ती बघतात शेपटीवरचा अनुक्रमांक. ‘बेल’चा ४१-२४४८५, पैकी ४१ हे खरेदी मंजूर झाल्याचं आर्थिक वर्ष. प्रत्यक्ष शेपटीवर पहिला ४ गाळून १२४४८५ रंगवायचे. तो आकडा आणि त्या त्या दिवशी कोण कुठल्या जागेवर बसलं याची तुकडीची यादी, दोन्ही जुळवल्याशिवाय काही ठरत नाही.

नाकावरचं नाव किती फसवं असतं, याचा एक नमुना आपल्या घरचाच आहे. युद्धानंतर कानपूरला पडून असलेली लिबरेटर विमानं दुरुस्त करून भारतीय हवाई दलानं १९६८ पर्यंत वापरली. पुण्यातही त्यांची स्क्वाड्रन होती. त्यातलं एक पुढे अमेरिकेत गेलं आणि ‘विचक्राफ्ट’ नावानं रंगवून उडवलं गेलं. मूळ ‘विचक्राफ्ट’नं युरोपात १३० मोहिमा केल्या होत्या, या विमानाचा त्या मोहिमांशी काडीचाही संबंध नाही. रंग अमेरिकी तुकडीचा, आयुष्य आधी ब्रिटिश आणि मग भारतीय हवाई दलातलं. बघणारा मात्र १३० चा आकडा घेऊन घरी जातो.

राहिला तिसरा दावा, जिवापाड जपल्याचा. युद्ध संपल्यावर ‘बेल’ ओक्लाहोमात भंगाराच्या रांगेत उभं होतं. मेम्फिस शहरानं ते ३५० डॉलरला सोडवून घेतलं. त्यानंतर कित्येक दशकं ते उघड्यावरच राहिलं, ऊनपाऊस खात, आणि लोक आठवण म्हणून त्याचे सुटे भाग काढून नेत. २००५ मध्ये ते अमेरिकेतल्या डेटनच्या हवाई दल संग्रहालयात आलं, बारा-तेरा वर्षं दुरुस्ती चालली, आणि १७ मे २०१८ ला लोकांसाठी मांडलं गेलं. तारीख माणसांच्या पंचविशीची निवडली, विमानाच्या नव्हे.

त्याच महिन्यात, दोनच आठवडे आधी, आइसलँडमध्ये ‘हॉट स्टफ’चं स्मारक उभं राहिलं होतं. तो फोटो अजून मला कुणी पाठवलेला नाही.