मीटर पॅनलसमोरून गॅसचा पाईप? अजिबात चालत नाही

सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज जोरात फिरतोय. म्हणे पाईप गॅसची लाईन मीटर रूममधून, मेन स्विचच्या समोरून गेली तरी काळजी नको, गॅस हलका असतो उडून जातो, प्रेशर नगण्य, पाईप लोखंडी, आणि कंपनीच्या माणसांनीच बसवलाय. मी वायरमन आहे, मला हे वाचून झोप लागली नाही.

गॅस हलका, हे खरंय. पण उडून जायला वर वाट पाहिजे ना! जिन्याखालची मीटर रूम आठवा, एक दार, आणि जाळी होती तीही उंदीर येतात म्हणून पुठ्ठा लावून बंद केलेली. तिथे गॅस स्लॅबखाली साठतो. हवेत साधारण 5 ते 15 टक्के मिथेन (पाईप गॅस म्हणजे मुख्यतः हाच) झाला की एक ठिणगी पुरते आणि लोड चालू असताना स्विच पाडला की ठिणगी पडतेच. प्रेशर कमी, घरात 21 मिलिबारच, पण त्याने गळती हळू होते, थांबत नाही.

लोखंडी पाईप मजबूत, मान्य. पण तो कुठे ना कुठे जमिनीला जोडलेला, म्हणजे अर्थिंग झालेला असू शकतो, आणि अडचणीत काम करताना माझा एक हात चुकून चालू भागाला लागला आणि दुसऱ्या हाताचं कोपर पाईपला टेकलेलं असलं तर करंट थेट छातीतून जातो.

आता "कंपनीने बसवलाय". अहो, पाईपवाला येतो तेव्हा पॅनलचं दार बंद असतं, ते बाहेर उघडतं हे त्याच्या लक्षातच येत नाही, तो जवळची भिंत बघून क्लॅम्प मारतो. गेल्या पावसाळ्यात एका सोसायटीतून रात्री 11 ला फोन आला, पॅनलमधून जळका वास येतोय. गेलो तर समोर पिवळा पाईप आडवा, दार चार बोटं उघडून खटकन अडतंय. फटीतून मेन स्विचचा दांडा दिसतोय, काळा पडलेला बसबार (पॅनलमधली वीज वाहणारी धातूची पट्टी) दिसतोय, पण हात काही आत जात नाही. वीज कंपनीचा माणूस येऊन बाहेरच्या पिलरवरून (वीज कंपनीच्या पेटीतून) सप्लाय बंद करेपर्यंत 40 मिनिटं आत चटचट चालू होती, आणि पाईप तिथून वीतभर लांब. स्विचबोर्डसमोर निदान 1 मीटर मोकळी जागा हवी असा नियम आहे, आणि तो काही कालचा नाही, 1956 च्या वीज नियमांतही 3 फूट होतेच.

मेसेजच्या शेवटी सल्ला आहे की दार अडत असेल तर दारच काढून टाका. कृपा करून असं करू नका, खाली पोरं खेळतात, पावसाचं पाणी उडतं. पाईपच हलवायचा, तोही गॅस कंपनीकडे अर्ज देऊन, कारण नवीन जॉइंटची गळती तपासावी लागते, कोपऱ्यावरच्या प्लंबरचं ते काम नाही. आणि तिथे गॅसचा वास आलाच तर मेन पाडायलाही आत जाऊ नका, लाईटचं बटण दाबू नका, सगळ्यांना बाहेर काढा, बाहेरचा व्हॉल्व्ह बंद करा आणि फोन लांब जाऊन लावा.