‘मुखवटा’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

नाव न देता प्रतिक्रिया लिहिणारे महाशय,

मेक्सिकोतल्या चामुला या माया आदिवासींच्या गावावर मी लिहिलेल्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, “तलवारीच्या धाकाने बाटवलेले माया लोक ते. वर चर्चचा मुखवटा, आत जुनेच देव. तुमच्यासारख्यांना हे कळायचं नाही.” पुढे मिशनऱ्यांबद्दल बरंच काही आहे, त्याचा लेखाशी संबंध नाही.

धाक होता, मान्य. १५६२ मध्ये मेक्सिकोतल्याच युकातान भागातल्या मानी गावी दिएगो दे लांदा या स्पॅनिश पाद्र्याने मायांच्या पोथ्या आणि मूर्ती जाळल्या, त्याचा उल्लेख लेखात चालला असता. पण एवढं सांगायला “तुमच्यासारख्यांना” कशाला?

मुखवटा म्हणता ना, मग तो काढून दाखवा. मेक्सिकोच्या चियापासमधल्या सान हुआन चामुलाच्या चर्चमध्ये बाकं नाहीत. जमिनीवर पाइनच्या हिरव्या सुया पसरलेल्या, मधल्या सुया बाजूला सारून थेट फरशीला चिकटवलेल्या मेणबत्त्यांच्या ओळी. आजाऱ्याला घेऊन आलेली इलोल, म्हणजे उपचार करणारी बाई, संतांच्या मूर्तींपुढे त्सोत्सिल या त्यांच्या माया भाषेत गाऱ्हाणं घालते. कोंबडी आजाऱ्यावरून उतरवते आणि तिथेच तिची मान पिरगळते. शेजारी पोश नावाची उसाची दारू आणि कोकची बाटली. या लोकांच्या लेखी ख्रिस्त म्हणजेच सूर्य आणि मरियामाता म्हणजे चंद्र. यातलं वरचं कुठलं आणि आतलं कुठलं?

पाद्री तिथे येतो तो मुख्यतः बाप्तिस्म्यापुरता. त्याचा धाक केव्हाच संपला, तरी लोक पोरं घेऊन येतात. १९७० च्या दशकापासून याच गावाने ही परंपरा सोडून प्रॉटेस्टंट झालेल्या हजारो गावकऱ्यांना हुसकून लावलं. ते क्रूरच होतं, त्यात गावच्या पुढाऱ्यांचा स्वार्थही होता. पण नुसत्या मुखवट्यासाठी कोणी शेजाऱ्याचं घर उठवत नाही.

“चर्च हे सगळं मोडायलाच बसलंय” असंही तुम्ही म्हणता, त्यावर एकच सांगते: २०२४ मध्ये व्हॅटिकनने, चामुला ज्यात येतं त्याच सान क्रिस्तोबल धर्मप्रांतात, मिस्सेमधल्या म्हणजे चर्चच्या मुख्य उपासनेतल्या विधिनृत्याला आणि धूप दाखवणाऱ्या बायकांना मान्यता दिली.

राहिलं “तुमच्यासारख्यांना”. मी वसईची ख्रिस्ती. माझ्या आजीच्या लग्नात उंबराचं पाणी आणलं होतं, हळद लागली होती आणि चर्चमध्ये मिस्साही झाली होती. त्यातलं खोटं कुठलं, हे तिला विचारायची कोणाची टाप नव्हती. “बाटगे” हा शब्द मी शाळेच्या बाकावर असल्यापासून ऐकत आलेय, त्यामुळे तो तुमच्याकडून नव्याने शिकायची मला गरज नाही.

पुढच्या वेळी चामुलाबद्दल काय ते लिहा, माझ्या जातकुळीबद्दल नको. आणि खाली नाव घालायचं धाडस करा.