चालू स्थितीतला ट्रक

जुना ट्रक बघायला जाताना खिशात लोहचुंबक असावं. पैशांचा विचार नंतर. जिथे चुंबक चिकटत नाही तिथे पत्रा उरलेला नसतो, लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वरून रंग मारलेला असतो. डाव्या मडगार्डवर मी चुंबक टेकवलं तर ते घरंगळत थेट जमिनीवर गेलं. मालकांनी ते उचलून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "तुमचं चुंबक जुनं झालंय."

मालक वयस्कर, बोलायला अतिशय मऊ. जुन्या गाडीचं इंजिन थंड असताना बघावं, कारण धूर, खडखड, चोकचे रुसवेफुगवे ही सगळी नाटकं थंडपणीच होतात. मी बॉनेटला हात लावला तर चटका बसला. "तुम्ही येणार म्हणून आधीच सुरू करून ठेवला," ते म्हणाले. यात आदरातिथ्य किती आणि दुसरं काय किती, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

पण स्क्रू-ड्रायव्हरने टोचून पाहिली तर चॅसी शाबूत होती. तिच्यावर ठोकलेला नंबर कागदांशी जुळत होता. ब्रेकचं पेडल दाबून धरलं, ते हळूहळू खाली बसत गेलं नाही, म्हणजे ऑईल गळत नव्हतं. हे तपासायलाच हवं, कारण या वयाच्या ट्रकला चारही चाकांच्या ब्रेकसाठी मिळून एकच सर्किट असतं. एक पाइप फुटला की चारही चाकं स्वतंत्र.

टायर मात्र बघण्यासारखे होते. २००० सालापासून टायरच्या कडेवर चार आकडी तारीख येते, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. इथे तीनच आकडे होते, म्हणजे माल मागच्या शतकातला. "नक्षी बघा की, कशी कोरी आहे!" मालक म्हणाले. नक्षी खरंच कोरी होती. तिच्या मधल्या भेगांत माझं नख जात होतं. टायर तेवढे नवे घालून घेतले, बाकीचं दैवावर सोडलं.

एवढं दिसत असताना ट्रक घेतलाच कशाला, असं घरच्यांनी पुढे बरेचदा विचारलं. त्याचं कारण बॉनेट. ते उघडलं आणि मला इंजिनाच्या बाजूने खालची जमीन दिसली! हल्लीच्या गाडीचं बॉनेट उघडलं की एक काळं प्लॅस्टिकचं झाकण दिसतं, आणि तुमचं इथे काय काम, असं ते विचारतं. इथे कार्बोरेटर कार्बोरेटरच्या जागी, डिस्ट्रिब्युटर त्याच्या जागी, आणि माणूस आत उतरून उभा राहील एवढी मोकळी जागा. आता वाटतं, ती जागा त्यासाठीच ठेवलेली असावी.

सोबतीला मेव्हण्याला घेतलं. त्याला गाड्यांतलं काही कळत नाही, पण कान तिखट आहेत. फाटकाबाहेर पडतो न पडतो तोच त्याने विचारलं, "दाजी, हा आवाज कसला?"

"स्प्रिंगच्या पाट्यांचा."

"आणि हा?"

"तो फाळक्याचा."

"आणि मधूनमधून येतोय तो?"

"तो माझा."

कारण मी गिअर बदलत होतो. गिअर सहज पडावेत म्हणून असते ती सिंक्रोमेशची सोय कॅडिलॅकने १९२८ सालीच मोटारींत आणली. ट्रकांपर्यंत ती बातमी उशिरा पोचली, आमच्या ट्रकला तर कोणी कळवलंच नाही. त्यामुळे खालचा गिअर हवा असेल तर क्लच दाबा, दांडी न्यूट्रलला आणा, क्लच सोडा, अ‍ॅक्सिलरेटर देऊन इंजिनाचे फेरे वाढवा, पुन्हा क्लच दाबा आणि मग दांडी ढकला. हे सगळं चढावर, मागे हॉर्नचा गजर चालू असताना. फेरे जुळले तर दांडी लोण्यातून जावी तशी जाते. नाही जुळले तर गिअरबॉक्स दातओठ खातो, आणि त्याच्याकडे ओठ नसतात. पहिला गिअर तर हौदा भरलेला असताना चढावर हलण्यापुरताच. रिकामा ट्रक दुसऱ्यावरच उचलायचा. पहिल्यावर टाकलात तर शेजारून चालत जाणारा माणूस तुम्हाला मागे टाकतो, आणि जाताना आत डोकावतो.

स्टिअरिंगला प्ले होता. चाक डावीकडे फिरवलं की आधी काहीच घडत नाही, अर्ज फक्त दाखल होतो. तो मंजूर होऊन पुढच्या चाकांपर्यंत पोचेतो रस्ता उजवीकडे वळलेला असतो. सरळ रस्त्यावरही मी सारखा डावी-उजवी करत होतो, आणि समोरून येणारे आम्हाला प्रशस्त जागा देत होते.

मग पाऊस आला. या ट्रकचा वायपर विजेवर नाही, इंजिनाच्या इनटेक मॅनिफोल्डमधल्या, म्हणजे हवा आत ओढणाऱ्या नळ्यांमधल्या, व्हॅक्युमवर चालतो. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की व्हॅक्युम घटतो आणि वायपर काचेच्या मधोमध विसावतो. पाय काढला की पिसाळल्यासारखा फडफडतो. म्हणजे चढावर तुम्हाला पुढे जाता येतं किंवा पुढचं बघता येतं. मी आलटून पालटून दोन्ही केलं. मेव्हण्याने काही काळ आवाजांची चौकशी थांबवली.

उतार त्याहून वाईट. ड्रम ब्रेक तापले की ड्रम फुगतो, आतल्या शूला, म्हणजे ड्रमवर दाबून बसणाऱ्या पट्टीला, त्याला गाठायला जास्त पल्ला पडतो, आणि पेडल दर वळणाला थोडं आणखी खोल जातं. म्हणून ज्या गिअरवर चढ चढाल त्याच गिअरवर उतरा, असं जुने ड्रायव्हर सांगतात. मी तेच केलं. इंजिन असं काही ओरडत होतं की मेव्हण्याला विचारायची गरजच उरली नाही.

मध्येच ट्रकने गचके दिले आणि गप्प झाला. गाडी वर्षानुवर्षं उभी असली की टाकीत गंज धरतो, आणि रस्त्याला लागली की हादऱ्यांनी तोच गंज सुटून पेट्रोलबरोबर प्रवासाला निघतो. फिल्टरला एक छोटी काचेची वाटी असते. तारेची कडी बाजूला सारून मी ती उतरवली. वर पिवळसर पेट्रोल, खाली बोटभर तांबडा गाळ. हलवली की गाळ अलगद उठायचा आणि परत बसायचा, अगदी निवांत. वाटी धुतली, पण वरचं बुचाचं वॉशर वाळून चिवड्यासारखं झालेलं. ते भिजवून, दाबून, शपथा घालून बसवलं.

एवढ्यात भोवती माणसं जमली. माझं डोकं बॉनेटखाली असताना कोणीतरी विचारलं, "विकायचा आहे का?"

"हो," मेव्हणा म्हणाला.

"नाही!" मी आतूनच ओरडलो, आणि उठताना बॉनेट डोक्याला लागलं.

घरी पोचेस्तोवर रात्र झाली. दिवसभर "बंद पडू नकोस रे" म्हणत ज्याला आणला, तो ट्रक दारात उभा केला आणि चावी फिरवली. इंजिन चालूच. तापलेल्या सिलिंडरांत कार्बनचे निखारे लाल झालेले असले की पेट्रोल ठिणगीशिवायही पेटतं आणि इंजिन धडधड, फटफट करत आपलं आपण फिरत राहतं. गल्लीतले दिवे लागू लागले.

बायको गॅलरीत आली. "अहो, बंद करा की ते आता!"

मी खिडकीतून हात बाहेर काढून तिला चावी दाखवली.

अशा वेळी एकच उपाय असतो. ब्रेक घट्ट दाबून वरचा गिअर टाकायचा आणि क्लच सोडून द्यायचा. मी सोडला. ट्रकने एक जबर हिसका दिला आणि बंद झाला.

"दाजी," मेव्हण्याने कपाळ चोळत विचारलं, "हा आवाज कसला?"

"तुझा."