म्हणे विमानाखाली थांबा!

माझी आत्या दांडिया बाजारात राहते. तिचा मुलगा आखातातल्या एका विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याच्या कामावर आहे. परवा गेलो तर तिने दुधाच्या हिशेबाच्या वहीत, शेवटच्या पानावर, विमानतळावर हवाई हल्ला झाला तर काय करावं यावरचा, व्हॉट्सॲपवर आलेला एक निरोप उतरवून घेतलेला. पाच मुद्दे, आणि चौथ्याखाली लाल रेघ: 'भोंगा वाजल्यास प्रवासी विमानाखाली थांबावे, त्यावर कोणी बॉम्ब टाकत नाही.' मुलाला फोनवर तसं बजावूनही झालं होतं! हाच निरोप आमच्या घरच्या ग्रुपवरही फिरतोय, म्हणून सगळ्यांसाठीच लिहितो.

आधी हा चौथाच. उन्हात लोडर पंखाच्या सावलीत उभे राहतात. त्या पंखात इंधनाची टाकी असते. एअरबस ए३३०-२०० मध्ये सगळ्या टाक्या मिळून १ लाख ३९ हजार लिटर मावतं. म्हणजे हल्ला होत असताना पेट्रोल पंपाच्या टँकरखाली जाऊन बसण्यातला प्रकार. २४ जुलै २००१ ला पहाटे एलटीटीईने, म्हणजे श्रीलंकेतल्या तमिळ बंडखोरांनी, कोलंबोजवळच्या कटुनायके विमानतळावर हल्ला केला. आधी शेजारचा हवाई दलाचा तळ, मग प्रवासी बाजू. श्रीलंकन एअरलाइन्सची दोन ए३३० आणि एक ए३४० उभ्या जागी जळून गेली. आत्याच्या हिशेबाने त्या पहाटे तिथल्या लोडरांनी या तिघांखालीच आसरा घ्यायला हवा होता.

पहिला मुद्दा: 'शिकागो करारानुसार प्रवासी विमानाला हात लावता येत नाही.' हा देशादेशांतला नागरी विमानवाहतुकीचा करार. कोणी वाचलाय? १९८३ मध्ये सोव्हिएत लढाऊ विमानाने कोरियन प्रवासी विमान पाडलं, २६९ माणसं गेली. त्यानंतर १९८४ मध्ये या करारात कलम ३ बिस, म्हणजे तिसऱ्याला जोडून एक जादा कलम, घातलं गेलं. ते 'उड्डाणात असलेल्या' विमानाबद्दल आहे. उभ्या विमानाचा त्यात उल्लेखच नाही. शिवाय त्याच कराराचं कलम ८९ सांगतं की युद्धात देशांच्या कृतिस्वातंत्र्याला या कराराने बाध येत नाही. हं, नागरी वस्तूंवर हल्ला करू नये असा नियम आहे, युद्धाचे नियम सांगणाऱ्या १९७७ च्या जिनिव्हा प्रोटोकॉलमध्ये. तेवढं मान्य. पण नियम म्हणजे काही पत्र्याचं छप्पर नव्हे.

दुसरा: 'आजवर असं एकदाही घडलेलं नाही.' १९६८, बैरूत. इस्राएली कमांडोंनी डझनभर प्रवासी विमानं उडवली. माणूस कोणी दगावला नाही, सुरक्षा परिषदेने एकमताने निषेध केला, विमानं गेली ती गेलीच.

तिसरा, 'विमान जळलं म्हणजे आत शस्त्रं असणारच.' इराकने १९९० मध्ये कुवेत एअरवेजची विमानं पळवून नेली. त्यातली चार मोसुलला बॉम्बफेकीत गेली. चोरीचा माल म्हणून उभी होती बिचारी.

पाचवा विम्याचा: 'नुकसान झालंच तर विमा भरून देतो.' विमानाच्या नेहमीच्या विम्यातून युद्ध वगळलेलंच असतं, त्यासाठी वेगळा हप्ता भरावा लागतो. पुढे वाद नको.

हे सगळं आत्याला वाचून दाखवलं. तिने चौथ्यावर काट मारली आणि विचारलं, "मग त्याने जायचं कुठे?" म्हटलं, आसऱ्याची जागा कुठली ते त्याच्या सुपरवायझरला विचारायला सांग. तिने लगेच फोन लावला. तो ड्यूटीवर होता, उचलला नाही. काट मारलेल्या ओळीखाली तिने दोन ओळी कोऱ्या सोडल्या आहेत.